माकणीचे बुडित क्षेत्र आणि मुंबईची मिठी नदी

२६ जुलै २००५ या दिवशी मुंबईच्या उपनगरांत जो पाऊस कोसळला त्याची नोंद सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर अशी झाली. चोवीस तासांतील हा पाऊस. धाराशिव जिल्ह्याची वर्षभराची सरासरी आठशे मिलिमीटरपर्यंतही पोचत नाही. म्हणजे तेरणाकाठच्या माकणी गावाला मृगापासून परतीच्या पावसापर्यंत जेवढे पाणी मिळते, त्याहून अधिक पाणी अंधेरी-कुर्ल्याच्या माथ्यावर एका दिवसात ओतले गेले. मराठवाड्यातील माणसाला पाण्याचा हिशेब टँकरने केलेला चटकन कळतो. त्या हिशेबाने, एका हेक्टरवर दहा हजार लिटरचे ९४४ टँकर रिकामे करावेत, तेवढा हा पाऊस होता. दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासातच १९० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच सुमारास समुद्राला भरती होती.

एवढे पाणी जगातील कोणत्याही शहराने गुपचूप गिळले असते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या दिवशी पूर येणारच होता. तो कोठे साचावा, किती वेळ साचावा आणि कोणाच्या घरात शिरावा, हे मात्र आकाशाने ठरविलेले नव्हते. त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेने ७३ मिलिमीटर पाऊस नोंदविला. मंत्रालय, शेअरबाजार आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या ज्या टोकाला आहेत तेथे साधा पावसाळी दिवस होता, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर कालिना, कुर्ला, साकीनाका येथे माणसे छपरावर चढून बसली होती. सत्तेच्या दारात पाणी आले नाही, म्हणून सत्तेला पाण्याची वर्दी मिळायलाही उशीर झाला. लोकल गाड्या थांबल्या, विमानतळ बंद पडला, दूरध्वनी मुके झाले. मोटारींच्या बंद काचांआड माणसे गुदमरून मेली. मुंबईत चारशेहून अधिक आणि साऱ्या राज्यात त्या आठवड्यात एक हजाराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांतील बहुसंख्य कोणत्या वर्गातील होती, हे साकीनाक्याची दरड ज्या वस्तीवर कोसळली त्या वस्तीच्या नुसत्या वर्णनावरून कळते. त्या एका दरडीखाली सत्तरहून अधिक माणसे गाडली गेली. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसचा फेरा आला, तोही त्याच वस्त्यांतून फिरला.

त्यानंतर कारणमीमांसेला जोर चढला. प्रथम निसर्गावर ठपका ठेवण्यात आला, नंतर प्लास्टिकच्या पिशव्यांवर, आणि त्या अपुऱ्या वाटल्या तेव्हा झोपडपट्टीवर. पिशव्यांवर बंदी आली, ते एका परीने बरेच झाले. परंतु पिशवीने नदी अडते हे मान्य करणाऱ्या शासनाला इमारतींनीही नदी अडते हे मान्य करणे फार जड गेले. झोपड्यांच्या बाबतीत एक गोष्ट सोयिस्करपणे विसरली जाते. पुराच्या आधी अवघे सहा-सात महिने, २००४ च्या अखेरीस आणि २००५ च्या आरंभी, याच मुंबईत ८० हजारांहून अधिक झोपड्या जमीनदोस्त करण्यात आल्या होत्या. मुंबईचे शांघाय करावयाचे, ही तेव्हाची घोषणा. झोपड्या पाडल्याने शहराचे पाणी वाट काढणार असते, तर २६ जुलैला निदान थोडा तरी फरक दिसायला हवा होता.

खरे कारण शोधायचे तर मुंबईपासून साडेचारशे किलोमीटर दूर, माकणीला जाऊन पाहावे लागते. लोहारा तालुक्यातील या गावाजवळ तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. मातीचे धरण आणि दरवाजांचा सांडवा. जवळच सास्तूर आणि खाली किल्लारी, म्हणजे १९९३ च्या भूकंपाचा मुलूख. या धरणाच्या पाण्याच्या भारामुळे भूकंपाला चालना मिळाली काय, असाही वाद तेव्हा शास्त्रज्ञांत झाला होता. पण तो विषय वेगळा. येथे धरणाची एकच गोष्ट लक्षात घ्यायची आहे. धरण बांधण्यापूर्वी अभियंते समपातळी रेषांचा नकाशा काढतात, पूर्ण संचय पातळी निश्चित करतात आणि त्या रेषेच्या आत येणारी प्रत्येक इंच जमीन पाण्याची म्हणून जाहीर करतात. याला बुडित क्षेत्र म्हणतात. त्या रेषेच्या आत कोणाचे वडिलोपार्जित शेत आहे, कोणाचा मळा आहे, कोणत्या गावाची स्मशानभूमी आहे, याचा मुलाहिजा ठेवला जात नाही. पाच वर्षे दुष्काळ पडून धरण कोरडे राहिले तरी ती जमीन पाण्याचीच राहते. गाळपेऱ्याला परवानगी मिळाली तर ती तात्पुरती असते आणि पाणी आले की उभे पीक सोडून उठावे लागते. धरण भरले की दरवाजे उघडतात, किती क्युसेक विसर्ग सोडला ते जाहीर होते, आणि खालच्या अंगाच्या नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो.

थोडक्यात, पाण्याला जागा लागते आणि ती जागा कायद्याने राखून ठेवावी लागते, हे ज्ञान महाराष्ट्र शासनाजवळ पूर्वीपासून आहे. ते वापरून शासनाने या राज्यात शेकडो धरणे बांधली आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या बळावर लक्षावधी शेतकऱ्यांची जमीन पाण्याला दिली. त्यांच्या पुनर्वसनासाठी बाबा आढावांसारख्यांना वर्षानुवर्षे परिषदा आणि मोर्चे काढावे लागले, ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही साधी न्यायाची गोष्ट घोषणा म्हणून रस्त्यावर ओरडून सांगावी लागली. तरीही धरणाची रेषा कोणाच्या आर्जवाने सरकली नाही. राष्ट्राच्या विकासासाठी पाण्याला जागा द्यावी लागते, एवढेच उत्तर त्या शेतकऱ्याला मिळत गेले.

मुंबईत हेच शासन याच्या बरोबर उलट वागले. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते, सुमारे अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. खाडीच्या मुखाशी तिवरांचे आणि चिखलाचे विस्तीर्ण सखल मैदान होते. भरतीचे पाणी आत यावे, पुराचे पाणी बाहेर जावे आणि दोन्ही एकाच वेळी आले तर काही तास तेथे थांबावे, अशी ती निसर्गाने केलेली व्यवस्था होती. धरणाच्या परिभाषेत बोलायचे तर ते मुंबईच्या उपनगरांचे बुडित क्षेत्र होते. फरक इतकाच की ते कोणी नकाशावर आखले नव्हते, आणि जे नकाशावर नाही ते पडीक, असा महसुली दृष्टिकोन. १९७७ मध्ये या भागासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली आणि भराव घालून, नदीचे पात्र आखडून, सुमारे ३७० हेक्टरांचे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. दक्षिण मुंबईतील कचेऱ्यांची आणि घाऊक व्यापाराची गर्दी कमी व्हावी हा मूळ हेतू. हेतूबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. गर्दी मात्र दोन्हीकडे वाढली, आणि नदीची जागा गेली. तिकडे वरच्या अंगाला विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला काटकोनात वळविण्यात आले आणि धावपट्टीखालून नेण्यात आले. पाणी काटकोनात वळत नाही, ते काठ फोडून सरळ जाते. २६ जुलैला ते तसेच गेले.

माकणीला शेतकऱ्याची जमीन पाण्याला दिली गेली. मुंबईला पाण्याची जमीन भांडवलाला दिली गेली. दोन्ही ठिकाणी देणारे शासन एक, आणि दोन्ही ठिकाणी कारण म्हणून ‘विकास’ हाच शब्द. (२००५ साली राज्याचे मुख्यमंत्री लातूरचे, मांजरेच्या खोऱ्यातले होते. तेरणा मांजरेलाच मिळते. बुडित क्षेत्र म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.)

यामागचे अर्थशास्त्र तपासले पाहिजे, कारण नैतिक संतापाने ते उलगडत नाही. जमिनीचा खंड तिच्या सुपीकतेवर आणि स्थानावर ठरतो, हे रिकार्डोने सांगितले. खाडीच्या चिखलाला सुपीकता नाही, पण स्थान अपूर्व आहे. त्या स्थानाचे मोल रेल्वे, रस्ते, पाणीपुरवठा अशा सार्वजनिक खर्चातून आणि लक्षावधी श्रमिकांच्या वस्तीतून निर्माण झाले. ते वसूल करायला फक्त एकच अडथळा होता, तो म्हणजे पाणी. ते हटविले की कोऱ्या जमिनीतून सोने निघत होते. २००७ मध्ये या संकुलातील एकाच भूखंडाचा लिलाव ८३१ कोटी रुपयांना गेला, चौरस मीटरमागे पाच लाख रुपयांच्या घरात. पुरानंतर अवघ्या दोन वर्षांनी! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राज्याने १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द केला. मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या मार्फत ज्या कायद्याचा आधार घेऊन सामान्यांच्या घरांसाठी लढा दिला, तोच हा कायदा. पूर आला तरी जमिनीच्या बाजाराचा ताप उतरला नाही, तो वाढलाच.

आता या ८३१ कोटींच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवावा. मुंबईची पावसाळी गटारे मुळात ब्रिटिश काळातील. ताशी २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यातील निम्मे पाणी जमिनीत मुरेल, या हिशेबाने ती बांधलेली. जमीन सिमेंटने मढविल्यावर मुरणे थांबले. शिवाय समुद्राला मिळणाऱ्या १८६ मुखांपैकी भरतीच्या पातळीच्या वर असलेली मुखे अवघी सहा. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने या साऱ्याचा अभ्यास करविला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा आराखडा तयार झाला. त्याचा तेव्हाचा अंदाजित खर्च होता ६१६ कोटी रुपये. पैसा नाही, या सबबीखाली तो बारा वर्षे कपाटात राहिला. १९९३ चे रुपये आणि २००७ चे रुपये सारखे नव्हेत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. परंतु ज्या शहरात नदीच्या जागेवरील एका भूखंडाची किंमत साऱ्या शहराच्या जलनिस्सारणाच्या मूळ अंदाजाहून अधिक होते, तेथे पैसा नव्हता असे म्हणता येत नाही. पैसा होता, तो पाण्याकडे वळविला गेला नाही. के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उद्योगाचा खरा खर्च त्याच्या जमाखर्चात दिसत नाही, तो त्रयस्थांच्या आणि समाजाच्या माथी मारला जातो, हे त्याचे प्रतिपादन. कुर्ल्याच्या चाळीत वाहून गेलेली शिलाई यंत्रे, भिजलेली धान्याची पोती, बुडालेले महिन्याचे पगार, हा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या ताळेबंदात न दाखविलेला खर्च होय.

पुरानंतर काहीच झाले नाही असे नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने मार्च २००६ मध्ये अहवाल दिला. चितळे जलसिंचनातले. नदीला पात्र असते, खोरे असते आणि पूररेषा असते, ही धरण बांधणाऱ्या महाराष्ट्राची समज त्यांनी मुंबईला ऐकविली. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला पुरेल एवढे मिठीचे पात्र असावे, असा त्यांचा आग्रह. मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. केंद्राने ब्रिमस्टोवॅडसाठी १,२०० कोटी रुपये मंजूर केले. हाजी अली, वरळी, ईर्ला आदी ठिकाणी पाणी उपसणारी केंद्रे उभी राहिली, मोगरा आणि माहूल येथील मात्र दीर्घकाळ रखडली. पात्र रुंद झाले, काठांना सिमेंटच्या भिंती आल्या. भिंत ही ठेकेदाराला सर्वांत सोयीची वस्तू, कारण ती मोजता येते. गाळाचे तसे नाही. काढलेला गाळ किती आणि कागदावरचा किती, हे पाऊस पडून गेल्यावर कोण सांगणार? मिठीच्या गाळउपशात ६५ कोटी रुपयांचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला. न्यायालयाचा निर्णय होईल तेव्हा होईल. दरम्यान, २९ ऑगस्ट २०१७ रोजी २००५ च्या सुमारे एक-तृतीयांश पावसात शहर पुन्हा ठप्प झाले आणि एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मिठीच्या वरच्या खोऱ्यातील आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात तोडण्यात आली.

नदीकाठच्या झोपडीवासीयांना हलवायचे कोठे, हा प्रश्न मोठा आहे आणि तो टाळणे बरोबर नाही. पुराच्या पट्ट्यात माणसांनी राहू नये, हे तत्त्व झोपडीलाही लागू आहे. परंतु शासनाला स्थलांतर जमत नाही, हा दावा टिकणारा नाही. माकणीच्याच परिसरात १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. त्या नव्या गावांच्या आखणीबद्दल, घरांबद्दल कितीतरी तक्रारी झाल्या आणि त्यांतील बऱ्याच खऱ्या होत्या. पण गावे उठली, घरे मिळाली, शेतीही हातची गेली नाही. मुंबईत मात्र तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांना खेटून असलेल्या माहूलमध्ये नेऊन टाकण्यात आले. तेथील हवा माणसाच्या प्रकृतीस घातक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. अखेर २०१९ मध्ये या कुटुंबांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला द्यावा लागला. गरिबाला पाण्यातून उचलून विषारी हवेत ठेवणे, याला पुनर्वसन म्हणत नाहीत.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, हे सारे बोलणे सुखवस्तू पर्यावरणवाद्यांचे आहे, मुंबईला घरे हवीत, रोजगार हवा, आणि त्यासाठी जमीन हवीच. आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच त्याचा गैरवापर सोपा होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासासाठी घेण्यास मान्यता दिली. धारावी ही मिठीच्याच तोंडावरची वस्ती. जे लोक अपात्र ठरतील त्यांना पूर्व उपनगरांतील मिठागरांवर हलवायचे, आणि धारावीची मोक्याची जमीन मोकळी करायची. मिठागरे ही ठाणे खाडीच्या बाजूची पाणी सामावून घेणारी सखल भूमी होय. म्हणजे माहीमच्या खाडीवर जे १९७७ नंतर झाले तेच पूर्व किनाऱ्यावर व्हायचे आहे, फक्त या वेळी भरावावर कचेऱ्यांऐवजी गरिबांना बसविले जाईल. उद्या तेथे पाणी शिरले तर पुन्हा झोपडीवासीयांनाच दोष देता येईल, ही त्यातली आणखी एक सोय.

ग्रामीण कार्यकर्त्याला हा मुंबईचा घरगुती प्रश्न वाटण्याचा संभव आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात जे घडले, त्यानंतर तसे वाटू नये. भूम-परंडा भागात लोकांना पुरातून हेलिकॉप्टरने काढावे लागले. सोयाबीन कुजले, जनावरे दावणीला बुडाली, आणि काळी माती खडकापर्यंत खरवडून गेली. दर एक-दोन वर्षांनी टँकर मागणाऱ्या जिल्ह्याला पाण्याने मारले. येथेही ओढ्यांच्या काठची झाडे तोडून आपला बांध पात्रात पुढे सरकविणारे बागायतदार आहेत, आणि रस्ता बांधताना नाल्याच्या जागी दोन नळ्या टाकून मोकळे होणारे ठेकेदार आहेत. मुंबईची रीत लहान प्रमाणावर गावोगाव पोचली आहे. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीच्या कामांतून तीन लाखांपर्यंत तरतूद आहे. एका हेक्टरची, म्हणजे दहा हजार चौरस मीटर काळ्या मातीची, ही भरपाई. मिठीच्या मुखावरील एका चौरस मीटरला २००७ साली मिळालेली बोली याहून मोठी होती.

नदीची निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ आहे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणाच्या खाली शेतकऱ्याने गोठा बांधायला काढला तर ही रेषा त्याला दाखविली जाते. तीच रेषा मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्यांच्या काठी आणि मिठागरांवर वॉर्डवार, मराठीतून, प्रत्येक घराच्या खुणेसह जाहीर करा, ही मागणी मुंबईच्या कार्यकर्त्यांनी लावून धरायला हवी, आणि ती मिठागरांवरचा पहिला भराव पडण्यापूर्वी. लाल रेषेच्या आत आज किती चौरस मीटर बांधकाम कचेऱ्यांचे आहे, किती विमानतळाचे आणि किती झोपड्यांचे, याची वेगवेगळी बेरीज त्या नकाशाखाली छापली जावी. तेरणेकाठच्या कार्यकर्त्यांनीही तहसील कचेरीत जाऊन आपल्या नदीचा नकाशा मागावा. माहितीचा अधिकार २००५ सालीच संसदेने दिला आहे आणि अर्जाला दहा रुपये लागतात.